टाके महिन्याने वाहू लागले, यात फरशी पुसणाऱ्या मावशींचा काय दोष?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं २२ खाटांचं हॉस्पिटल आहे. सर सर्जन, मॅडम गायनॅक. मी ओटीची (ऑपरेशन थिएटरची) इन्चार्ज सिस्टर. दिवाळीपासून दुर्बिणीच्या ऑपरेशनचे चार पेशंट परत आले. दोन पित्ताशयाचे, एक अपेंडिक्सचा, एक गर्भपिशवीची. टाके काढले तेव्हा जखमा छान होत्या. चार-पाच आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ आली आणि मग तिथून पाण्यासारखा पू. ताप नाही. तीनदा अँटिबायोटिक बदललं, कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्याला) काही उगवत नाही. त्याच ओटीत हर्निया, सिझर होतात, ते पेशंट व्यवस्थित आहेत. सरांनी ओटीत दोनदा फॉर्मेलिनची धुरी दिली, फिनेल बदललं आणि ‘साफसफाई नीट नाही’ म्हणून ओटीच्या मावशींना घरी बसवलं. मला मेमो दिला की इन्फेक्शन कंट्रोलची जबाबदारी इन्चार्जची. आमच्याकडे दुर्बिणीचा एकच सेट आहे. सकाळी तो ऑटोक्लेव्ह केलेला (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेला) असतो, दोन केसच्या मध्ये वीस मिनिटं सायडेक्समध्ये (जंतुनाशक द्रावणात) टाकतो आणि फिल्टरच्या पाण्याने धुऊन घेतो. जबाबदारी नक्की कोणाची? उद्यापासून मी काय बदलू?

ता. क. : सर म्हणतात, फिल्टर काढून आरओ बसवू. चालेल का?

उत्तर : सिस्टर, हर्निया आणि सिझरचे पेशंट व्यवस्थित आहेत हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत, पण सगळा उलगडा त्यातच आहे. ओटी तीच, फरशी तीच, मावशी त्याच, हवा तीच. तरी बाधा होते ती फक्त दुर्बिणीच्या पेशंटना. म्हणजे फिनेल बदलून काही होणार नव्हतं, आणि मावशींना घरी बसवूनही नाही. दुर्बिणीच्या केसमध्ये वेगळं आहे ते हत्यार, आणि ते ज्या पाण्यातून निघतं ते पाणी.

दुसरी खूण वेळेची. जखमेत नेहमीचे जंतू शिरले की साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात कळतं. जखम लाल होते, गरम लागते, ठणकते, ताप येतो, घट्ट पू येतो. चांगली भरलेली जखम महिन्याने गाठ धरते, पातळ पाणी सोडते, ताप नाही, साध्या अँटिबायोटिकला दाद नाही आणि कल्चर कोरं, असं असेल तर आधी संशय घ्यायचा तो अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा. क्षयाच्या जंतूचे हे चुलत भाऊ : चेलोनी, अॅबसेसस, फॉर्च्युइटम. ते माती-पाण्यात राहतात, टाकीच्या आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात मुरतात, पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला भीक घालत नाहीत. त्यांच्या काही जाती ग्लुटराल्डिहाइडलाही, म्हणजे आपण सरसकट सायडेक्स म्हणतो त्यालाही, पुरून उरतात. दुर्बिणीच्या छेदातून होणाऱ्या अशा बाधा आपल्या देशातल्या सर्जनना नवीन नाहीत.

हा संशय आहे, निदान प्रयोगशाळेने करायचं. आणि कल्चर कोरं आलं याचं कारण बहुधा नमुना पाठवण्याच्या पद्धतीत आहे. कोरड्या स्वॅबवर हे जंतू फारसे सापडत नाहीत आणि नेहमीचं कल्चर ४८ तासांत टाकून दिलं जातं. यांना उगवायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणून गाठीतला पू सिरिंजमध्ये ओढून घ्या. सर जखम साफ करणार असतील तर आतल्या भागाचा तुकडा घ्या आणि त्याचे दोन भाग करा. एक निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीसाठी. गडबडीत दोन्ही तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले की कल्चर संपलं. कागदावर स्पष्ट लिहा : ‘लॅप्रोस्कोपीनंतर उशिरा झालेली जखमेची बाधा, एएफबी स्टेन आणि मायकोबॅक्टेरियल कल्चर, लवकर वाढणाऱ्या जाती शोधाव्यात’. (एएफबी स्टेन म्हणजे क्षयाच्या कुळातले जंतू रंगवून बघण्याची चाचणी.) शक्य असेल तर मायक्रोबायोलॉजिस्टना फोन करून सांगा. गावातल्या लॅबला हे जमणार नसेल तर नमुना मेडिकल कॉलेजला पाठवा.

इथे एक खड्डा आहे, तो सरांच्या कानावर घाला. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींची बारीक गाठ) दिसतो, रिपोर्टवर ‘टीबी असू शकतो’ असं येतं आणि पेशंटला एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू होते. क्षयाची ती नेहमीची चार औषधं या जंतूंवर सहसा चालत नाहीत. जीन एक्स्पर्टची नेहमीची तपासणी क्षयाचाच जंतू शोधते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून हे जंतू नाहीत असं ठरत नाही. उपचार कोणता, किती महिने, गाठ कापून काढायची की नाही, हे जात कळल्यावर आणि कोणतं औषध लागू पडतं ते तपासल्यावर सर आणि मायक्रोबायोलॉजिस्ट मिळून ठरवतील. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकॅसिन ही नावं त्यात ऐकू येतील. कोर्स आठवड्यांचा नसतो, महिन्यांचा असतो.

आता उद्या सकाळचं. आधी काहीही धुऊ नका. ‘स्वच्छता मोहीम’ काढून टाकी घासली, ट्रेमधलं सायडेक्स ओतून दिलं, फिल्टरची कँडल बदलली की पुरावा मोरीतून गेला. ट्रेमधलं द्रावण, फिल्टरचं पाणी, ओटीतल्या नळाचं पाणी आणि टाकीतलं पाणी यांचे वेगवेगळे नमुने निर्जंतुक बाटल्यांत घ्या, तारीख-वेळ-जागा लिहा आणि जखमेच्या नमुन्यांबरोबर त्याच लॅबकडे द्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. लॅबकडून सोडियम थायोसल्फेट घातलेल्या बाटल्या मागा, नाहीतर प्रवासात क्लोरीन काम करत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. त्यानंतर खुशाल टाकी धुवा.

दुसरं काम कागदाचं. ओटी रजिस्टर काढा आणि गेल्या सहा महिन्यांतल्या दुर्बिणीच्या प्रत्येक केसची एक ओळ करा. परत आलेल्या चौघांचीच नाही, सगळ्यांची. ऑपरेशनची तारीख, प्रकार, त्या दिवशीची पहिली केस की दुसरी-तिसरी, सेट ऑटोक्लेव्हमधून आला की सायडेक्समधून, सेट कोणी धुतला, त्रास सुरू झाला का आणि कितव्या दिवशी. हे रकाने भरायला एक दुपार पुरेल. आमचा अंदाज आहे की ‘पहिली की दुसरी’ हा रकाना बरंच बोलेल. सकाळच्या पहिल्या पेशंटला वाफेतून निघालेला सेट मिळतो, दुसऱ्याला वीस मिनिटांच्या आंघोळीतला. चौघंही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे निघाले तर सरांशी वाद घालायची गरजच उरणार नाही. नाही निघाले, पहिल्या नंबरचेही त्यात असले, तर ऑटोक्लेव्हकडे आणि सेट सुटा करण्याच्या पद्धतीकडे तितक्याच संशयाने पाहायचं.

त्या वीस मिनिटांत नक्की काय बिघडतं ते समजून घ्या, कारण सरांना पटवायचं ते हेच आहे. पहिली केस संपली, ट्रोकार (ज्यातून दुर्बीण आणि हत्यारं पोटात घालतात ती नळी) न उघडता नळाखाली धरला आणि ट्रेमध्ये सोडला. झडपेत, रबराच्या वॉशरखाली, ग्रास्परच्या (पकडायच्या लांब चिमट्याच्या) दांड्याच्या पोकळीत रक्त आणि चरबी तशीच. ग्लुटराल्डिहाइड प्रथिनं धुऊन काढत नाही, ती जागच्या जागी घट्ट बसवतं. म्हणजे मळाचा थर पक्का झाला आणि त्याखालचे जंतू सुखरूप. पोकळीत हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे द्रावण पोचलंच नाही. हत्यार ओलं असताना ट्रेमध्ये गेलं की दर वेळी थोडं पाणी मिसळतं. अॅक्टिव्हेट केल्यापासून १४ दिवस ही मुदत कागदावरची. रोज तीन केस करणाऱ्या ट्रेमधलं द्रावण त्याआधीच उतरलेलं असू शकतं, आणि ते रोज टेस्ट स्ट्रिप बुडवल्याशिवाय कळत नाही. हे सगळं जमून आलं तरी वीस मिनिटांत जे होतं ते निर्जंतुकीकरण नव्हे, फार तर उच्च दर्जाचं जंतू कमी करणं आहे. खऱ्या अर्थाने निर्जंतुक व्हायला त्याच द्रावणात १० तास लागतात. आणि शेवटी तुम्ही ते फिल्टरच्या पाण्याने धुता. कँडल फिल्टरच्या पाण्यात हे जंतू आरामात असू शकतात. त्यामुळे आधीचं सगळं नीट झालं असलं तरी शेवटच्या धुण्यात हत्यार पुन्हा दूषित होऊ शकतं आणि तसंच थेट पोटात जातं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पोटात जाणारं हत्यार दोन केसच्या मध्ये सायडेक्समध्ये बुडवून वापरणं उद्यापासून बंद. नमुन्यांचे रिपोर्ट येईपर्यंत आणि नवी पद्धत बसेपर्यंत दुर्बिणीच्या नियोजित केस पुढे ढकलाव्यात. हा निर्णय सरांचा आहे. त्यांना तो आवडणार नाही.

नवी पद्धत अशी. केस संपताच हत्यारं ओली ठेवा, वाळू देऊ नका. त्यासाठी सलाइन वापरू नका, स्टीलला गंज चढतो. ओला टॉवेल टाकलेला ट्रे पुरतो. मग प्रत्येक हत्यार पूर्ण सुटं करा. ट्रोकारची झडप, वॉशर, टोपी वेगळी. ग्रास्परची मूठ, नळी आणि आतला दांडा वेगळा. सुटा न होणारा ग्रास्पर असेल तर त्याला धुण्याचं तोंड आहे का बघा. नसेल तर तो सेटमधून काढून टाका, त्याची पोकळी कोणालाच साफ करता येणार नाही. कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आतबाहेर, एन्झायमॅटिक क्लीनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घाला आणि त्यात सगळे भाग पाच ते दहा मिनिटं बुडवा. पाणी जास्त गरम घेतलं तर रक्त शिजून चिकटतं. नळीत सिरिंजने तेच द्रावण भरून हवा बाहेर काढा. पोकळीच्या मापाचा ब्रश एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. ब्रश स्वच्छ निघेपर्यंत हे करा, आणि पाण्याखाली करा म्हणजे शिंतोडे डोळ्यांत जाणार नाहीत. जाड ग्लोव्ह, चष्मा, प्लॅस्टिकचा एप्रन हवाच. हे द्रावण एका धुण्यापुरतं, दुसऱ्या केसला नवं. नंतर वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवा, नळीतून पाण्याची धार जाऊ द्या, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि नळीत हवा मारून वाळवा. उजेडात धरून सांधे बघा. डायथर्मीच्या (विजेने जाळून रक्त थांबवणाऱ्या) हत्यारांचं काळं आवरण कुठे चिरलं आहे का तेही याच वेळी दिसतं. सांध्यांना शिलाई मशीनचं तेल किंवा लिक्विड पॅराफिन लावायची सवय असेल तर ती सोडा. तेलाच्या थरातून वाफ जात नाही. पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट लुब्रिकंट मिळतं ते घ्या.

त्यानंतर ऑटोक्लेव्ह. हल्लीची दुर्बिणीची बहुतेक हत्यारं वाफ सोसतात. टेलिस्कोपवर ‘ऑटोक्लेव्हेबल’ असं कोरलेलं आहे का ते बघा. नसेल तर ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करण्याचं यंत्र असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या सीएसएसडीकडे (निर्जंतुकीकरण विभागाकडे) पाठवण्याची सोय करावी लागेल. ईटीओत वायू निघून जायला तास लागतात, तेव्हा सकाळी पाठवून दुपारी मिळेल अशी आशा धरू नका.

ऑटोक्लेव्हबद्दल जरा रेंगाळतो, कारण इथे दाबाच्या काट्यावर नको इतका विश्वास टाकला जातो. १५ पौंड दाबाला १२१ अंश हे तेव्हाच खरं, जेव्हा आतली सगळी हवा निघून गेलेली असते. अर्धी हवा अडकली तर काटा १५ वरच दिसतो, पण आत तापमान ११२ च्या आसपास. हवा अजिबात काढली नाही तर जेमतेम १००. म्हणून उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये हवेचा कॉक उघडा ठेवून वाफेची सलग, जोरदार धार काही मिनिटं येऊ द्या, मग कॉक बंद करा. वेळ मोजायची ती १२१ गाठल्यानंतर, बटण दाबल्यापासून नाही. गुंडाळलेल्या सामानाला तिथून पुढे ३० मिनिटं. ड्रम (सामान ठेवायचा खिडक्यांचा धातूचा डबा) वापरत असाल तर आत ठेवताना त्याच्या खिडक्या उघड्या आणि बाहेर काढल्याक्षणी बंद. हे उलटं झालेलं सर्रास दिसतं. ड्रम ठासून भरू नका. कपड्यांच्या मधून हात सहज गेला पाहिजे. हत्यारांचे जबडे उघडे, पोकळ्या मोकळ्या, भाग सुटे, जोडणी ओटीच्या टेबलावर. शेवटी वाळवण्याची वेळ द्या. ओलसर निघालेलं पाकीट निर्जंतुक समजायचं नाही. ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात. ते पुन्हा लावायचं.

पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. ती पट्टी एवढंच सांगते की हे पाकीट गरम जागेतून येऊन गेलं. पाकिटाच्या पोटात, सगळ्यांत अवघड जागी, वेळ-वाफ-तापमान तिन्ही मोजणारी पाचव्या वर्गाची पट्टी ठेवा आणि ती ओटी टेबलावर पाकीट उघडताना बघा. आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी लावा. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस हे तिच्यातल्या जंतूचं लांबलचक नाव. एक कुपी ऑटोक्लेव्हमधली, एक बाहेरची न लावलेली, दोन्ही ५५ ते ६० अंशांत ठेवायच्या. बाहेरची उगवली पाहिजे, आतली उगवता कामा नये. बाहेरचीही उगवली नाही तर चाचणी फुकट, कुपीच मेलेली होती. प्रत्येक लोडची तारीख, चालू-बंद वेळ, तापमान, पट्टी आणि सही यांची वही ठेवा. पट्टी चिकटवूनच ठेवलेली बरी.

आता हिशेब करा. सुटं करणं-धुणं-वाळवणं अर्धा तास, तापायला वीसेक मिनिटं, धरून ठेवणं अर्धा तास, वाळवण-निववण पुन्हा अर्धा तास. म्हणजे एक सेट फिरायला पावणेदोन-दोन तास. एक सेट आणि लागोपाठ तीन दुर्बिणीच्या केस, हे गणितच बसत नाही. तुम्ही कितीही धावलात तरी बसणार नाही, कोणीतरी वीस मिनिटांची पळवाट काढणारच. दुसरा सेट घ्यायचा, किंवा दोन दुर्बिणींच्या मध्ये हर्नियाची केस ठेवायची, किंवा दिवसाला एकच दुर्बीण. यातलं काय करायचं हे इन्चार्ज सिस्टरच्या हातात नसतं. तुमच्या मेमोला उत्तर इथेच सापडतं.

कायद्याने बोलायचं तर नर्सिंग होमची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे, जबाबदारी त्यांच्यापासून सुरू होते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात १९६३ साली ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती बाई दगावली. ते प्रकरण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, तेव्हा नोकरांच्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाने, म्हणजे तिथे राज्य सरकारने, द्यायची असं न्यायालयाने धरलं. खासगी हॉस्पिटलची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून ठरलेलं आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमही कर्तव्यं सांगतात ती हॉस्पिटल चालवणाऱ्याची. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण त्याने द्यायचं, त्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस त्याने द्यायची, ३० पेक्षा कमी खाटा असतील तर या कामासाठी एक पात्र माणूस त्याने नेमायचा. मेमोने हे कोणाच्या गळ्यात घालता येत नाही.

पण सिस्टर, तुमच्या वाट्याचंही आहे. वीस मिनिटांच्या सायडेक्सने भागत नाही हे जाणवत असताना लेखी कळवलं नाही, तर चौकशीत ते तुमच्यावर येतं. म्हणून आमच्या मते वाटणी अशी असावी. सेट किती, केस किती, यंत्राची दुरुस्ती, रसायनांचा आणि पट्ट्यांचा पैसा, हे सर. पाकिटातली पट्टी बघितल्याशिवाय चाकू न लावणं हेही सर, तिथे ‘सिस्टरने सांगितलं नाही’ चालत नाही. सेट सुटा करून धुणं आणि ऑटोक्लेव्ह लावणं, एका नावाच्या ओटी असिस्टंटकडे, रजेवर असेल तर दुसऱ्या नावाकडे. ‘जो मोकळा असेल तो’ असं कधीच नको. वही तपासणं, लोड नापास करणं आणि केस थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे. थांबवण्याचा अधिकार लेखी मिळत नसेल, तर जबाबदारीही लेखी घेऊ नका. मेमोला उत्तर देताना आरोप टाळा. केसची यादी जोडा आणि खाली तीन मागण्या ठेवा : दुसरा सेट किंवा केसची फेररचना, पाचव्या वर्गाच्या पट्ट्या आणि बीजाणूंच्या कुप्यांची कायमची खरेदी, आणि नापास लोडवर केस थांबवण्याचा अधिकार. तारीख घाला, पोच घ्या.

फॉर्मेलिनच्या धुरीबद्दल थोडंच. फॉर्मेलिन कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, मळावरून ते काही करत नाही, आणि ट्रोकारच्या झडपेत तर ते पोचतही नाही. धुरी देऊन ओटी सकाळी उघडल्यावर डोळे चुरचुरतात, म्हणून सगळ्यांना काहीतरी जोरदार केल्याचं समाधान वाटतं. ते समाधान सोडलं तर हाती काही लागत नाही. ओटी डिटर्जंटने धुऊन, पुसून, मग जंतुनाशकाने पुसणं आणि केस चालू असताना दार बंद ठेवणं, यात जास्त फायदा आहे. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याच्या जाळ्या आठवड्याला धुवा.

मावशींना परत बोलवा. बोलावल्यावर नुसतं ‘नीट पुसा’ म्हणू नका. ओटीत आणि वॉर्डात झाडू बंद, धूळ उडते. तीन बादल्या द्या : एकीत डिटर्जंटचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत जंतुनाशक. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे, स्वच्छ भागातून घाणेरड्या भागाकडे. संडासाचा पोछा वेगळ्या रंगाचा, तो कधीच ओटीत येणार नाही. पोछे काम संपल्यावर धुऊन उन्हात टांगायचे. बादलीत भिजत ठेवलेला पोछा दुसऱ्या दिवशी जंतूच पसरवतो. हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर एका मापाला चार मापं पाणी घातलं की १ टक्का होतं, १० टक्क्यांचं असेल तर एकाला नऊ. कॅनवरचा आकडा मावशींना वाचून दाखवा आणि मापाचा मग त्यावर रेघ मारून द्या. द्रावण दर पाळीला नवं, झाकण घातलेलं, उन्हापासून लांब. रक्त सांडलं तर आधी कागदाने टिपून पिवळ्या पिशवीत, मग १ टक्क्याचं द्रावण ओतून दहा मिनिटं थांबायचं. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये हायपो कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. स्टीलच्या हत्यारांना हायपो लावायचं नाही. फरशीपेक्षा जास्त हात जिथे लागतात, म्हणजे खाटेचे कठडे, सलाइनचा स्टँड, दाराची कडी, दिव्याची बटणं, मॉनिटरच्या वायरी, तिथे दिवसातून दोनदा पुसलं जातं का ते बघा. तिथे बहुधा कोणी पुसतच नाही, कारण ते काम ना मावशींचं, ना सिस्टरचं. नाव घालून द्या. आणि मावशींना हिपॅटायटिस बीचे तीन डोस (आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) मिळाले आहेत का हेही बघा. सुया चुकीच्या पिशवीत आल्या की टोचतात त्या त्यांनाच.

जे पेशंट अजून परत आलेले नाहीत त्यांना विसरू नका. यादीतल्या दुर्बिणीच्या प्रत्येक पेशंटला फोन करून बोलवा आणि छेद हाताने चाचपून बघा. वरून बरी दिसणारी जखम आत बारीक गाठ धरून असते. ३० दिवसांची नेहमीची पाहणी इथे अपुरी आहे. ऑपरेशनपासून किमान ९० दिवस लक्ष ठेवा. ज्यांना बाधा झाली त्यांना खरं सांगा की हा पाण्यातला जंतू असावा, हत्यारांच्या सफाईत त्रुटी होती का हे आम्ही तपासत आहोत, आणि पुढच्या उपचारांचा खर्च कोण करणार हे सरांनी आधीच ठरवावं. तीन ठिकाणी फिरून दुसऱ्याच डॉक्टरांच्या तोंडून हे कळलं तर प्रकरण हातात राहणार नाही.

तुमच्या ता. क. चं उत्तर : आरओ चालणार नाही. आरओचं पाणी क्षारमुक्त असतं, निर्जंतुक नसतं. त्याच्या साठवणीच्या टाकीत आणि नळीत काही आठवड्यांत तोच बुळबुळीत थर धरतो, शिवाय क्लोरीनही निघून गेलेलं असतं. ऑटोक्लेव्हच्या टाकीत आणि हत्यारांच्या शेवटच्या साफ धुण्यासाठी, वाफेला लावण्याआधी, आरओ जरूर वापरा, पांढरे डाग पडणार नाहीत. टेलिस्कोप नाइलाजाने ग्लुटराल्डिहाइडमध्ये १० तास ठेवावा लागला, तर तो धुवायला निर्जंतुक पाण्याच्या सीलबंद बाटल्या लागतात. तीन वेगवेगळ्या बाऊलमध्ये, तीनदा, दर केसला नवं पाणी. उरलेली बाटली दुपारच्या केससाठी झाकून ठेवायची नाही.